कपाटवाल्यांची झोप

उधारी वसूल करायला आवाज चढवावा लागतो असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. आमच्या बिजागऱ्यांच्या कारखान्याची वसुली सहा वर्षं मी बघते, आणि आजवर एकालाही टाकून बोललेले नाही. माझा नेमच आहे: जप झाला की, चहाच्याही आधी, एका तरी माणसाची काळजी हलकी करायची.

त्या दिवशी नेमात सापडले कपाटवाले. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पाच महिन्यांचा माल उधारीवर.

"पैशांचंच ना, वहिनी?" फोनवरचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. "कपाटं कुणी घेईना. डोळ्याला डोळा लागत नाही. मी बुडालो तर तुम्हालाही घेऊन बुडणार."

"आमची नका काळजी करू, भाऊजी. ह्यांनी यंदा उधारीचा विमा उतरवलाय. तुम्हाला नाहीच जमलं, तर विमा कंपनी भरून देईल."

"देव तुमचं भलं करो," ते म्हणाले.

तेव्हापासून कपाटवाले इतके गाढ झोपू लागले की दर शनिवारी यायचा तो लहानसा हप्ताही यायचा थांबला.

दोन महिन्यांनी ह्यांनी विमावाल्यांना घरी बोलावलं. ते फॉर्म भरू लागले. "विम्याचं गिऱ्हाइकाला माहीत नाही ना?"

"छे," हे म्हणाले.

"आहे की," मी म्हणाले. "मीच सांगितलं."

विमावाल्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग भरपाई विसरा. पहिलीच अट आहे ती. विमा आहे हे कळल्यावर फेडेल कोण?"

"अगं, पण सांगितलंस कशाला?"

"त्यांना झोप लागत नव्हती."

"आता मला लागणार नाही. चौदा माणसांचा पगार त्यांच्या उशाखाली आहे."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. न विकलेल्या कपाटांच्या रांगेत कपाटवाले ताजेतवाने बसले होते. अंगानं भरलेही होते. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. झोपलेल्या तान्ह्या बाळाला चिमटा काढावा तसं वाटलं मला.

त्यांनी चेकबुक काढलं. "अर्धे आज, अर्धे तीन हप्त्यांत. कारागिरांचे पैसे थोडे थांबवतो. विमा कंपनीचं वेगळं हो. तुम्हाला कसं बुडवू, वहिनी?"

माझे डोळे भरून आले. चेक पर्समध्ये ठेवून उठले.

"बाकीच्यांना मात्र तुम्हीच सांगा हं," ते म्हणाले.

"कुठले बाकीचे?"

"तुमचा माल घेणारे आम्ही नऊ जण. तेही बिचारे जागेच असायचे. विम्याचं सांगून मी सगळ्यांना धीर दिला."

काल चौथ्या दुकानात जाऊन आले. वसुलीसाठी मी हल्ली फार पायपीट करते, असं हे कौतुकानं सगळ्यांना सांगतात. मी मान खाली घालून ऐकते.