करवंदखिंडीतला पळपुटा

एका जंगलात सगळ्या सोयी झाल्या होत्या. गुहेगुहेत पंखे होते, पाणवठ्यावर नळ होते आणि सिंहमहाराजांच्या दर्शनालासुद्धा टोकन मिळत असे. जिवाला कसला म्हणून त्रास उरला नव्हता. म्हणून, बाळांनो, काही प्राण्यांना त्रासाची फार आठवण येऊ लागली.

त्यांनी एक मंडळ काढलं. दर वर्षी उन्हाळा लागला की मंडळाचे सभासद करवंदखिंडीत राहुट्या ठोकायचे आणि तीन दिवस चारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांसारखे राहायचे. पंखा नाही, चप्पल नाही, घड्याळ नाही. बटाटा नाही, कारण तो तेव्हा जंगलात आला नव्हता. मिरचीही नाही, आणि चहा तर मुळीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खिंडीतली जुनी लढाई पुन्हा लढायची आणि संध्याकाळी घरी जाऊन कंबरेला मलम चोळून घ्यायचं. अशा गोष्टीला मोठी माणसं छंद म्हणतात.

या मंडळात कुशाबा भेकर होता. भेकर म्हणजे पान पडलं तरी दचकणारं लहानसं हरीण. एरवी कुशाबा पाणवठा खात्यात कारकून होता आणि कोणी जरा मोठ्याने बोललं की रजेचा अर्ज टाकायचा. पण अंगात बाराबंदी आणि डोक्याला मुंडासं चढलं की त्याची मान ताठ व्हायची. ती बाराबंदी त्याने आख्खा पावसाळा बसून स्वतः शिवली होती.

मंडळाचे अध्यक्ष होते अण्णासाहेब साळिंदर. ते भिंग घेऊन प्रत्येकाची शिवण तपासत.

"कुशाबा, हा दोरा गिरणीचा दिसतो."

"नाही हो अण्णासाहेब. घरी कातलाय."

"मग इतका सरळ कसा? पूर्वजांचे टाके वाकडे असायचे. उसव."

कुशाबाने सगळं उसवलं आणि मुद्दाम वाकडं शिवलं. अण्णासाहेब प्रसन्न झाले.

आता लढाईचं सांगतो. अण्णासाहेबांच्या जुन्या बखरीत लिहिलं होतं की सेनापती गवा एकटाच खिंडीत उभा राहिला आणि लढता लढता पडला. त्याचा झेंडा धरणारा एक भेकर मात्र झेंडा टाकून पळाला. मंडळाचा नियम असा, की ज्याचा पूर्वज, त्याचीच भूमिका. सेनापतीला वंशजच नव्हता, म्हणून ते काम रायाजी गव्याला मिळालं होतं, कारण त्याचा आवाज मोठा होता. झेंडेवाल्या भेकराचा वंशज मात्र हजर होता. त्यामुळे कुशाबा अकरा वर्षं दर उन्हाळ्यात झेंडा टाकून पळत होता.

घरी मात्र त्याने वेगळंच सांगितलं होतं. पहिल्या वर्षी बायकोने विचारलं, "तुम्ही कोण होता हो लढाईत?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सेनापती." एकदा निघून गेलेलं परत कसं घेणार? सुमित्राबाई अकरा वर्षं झाडीभर सांगत फिरत होत्या, "आमचे हे सेनापती असतात."

यंदा त्या म्हणाल्या, "अहो, मी येणार लढाई बघायला. शेजारच्या पाचजणी पण येतायत."



खिंडीत पोचल्याबरोबर कुशाबाने अण्णासाहेबांना गाठलं. "अण्णासाहेब, यंदा एकदाच मला उभं राहू द्या. वाटलं तर मरतो."

"मरतोस? पूर्वज मेला नाही आणि तू मरतोस? बखरीत स्पष्ट आहे, निशाण टाकोन पळाला."

"बरं, मग दुसरं तरी ऐका. यंदा तुम्ही ओल्या कारवीच्या मशाली पेटवणार म्हणता. वर कड्याला आग्या मोहोळ लागलंय. मी दर वर्षी त्याच्याच खालून पळतो, म्हणून मला दिसलं. धूर वर गेला तर..."

"बखरीत मशाली आहेत. मोहोळ नाही."

"पण कड्यावर आहे."

"आपण कड्याप्रमाणे चालत नाही," अण्णासाहेब म्हणाले, "बखरीप्रमाणे चालतो."

दोन दिवस नाचणीची अळणी भाकरी खाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही सैन्यांची डोकी चहावाचून ठणकत होती. शत्रूकडच्या बापू रानडुकराने घोंगडीत थर्मास लपवून आणला होता. त्याच्या राहुटीमागे दोन्ही बाजूंची रांग लागली. रांगेत पहिले अण्णासाहेब होते. मिशा पुसत ते म्हणाले, "काढा बरा झालाय."

उन्हं वर आली. सुमित्राबाई पाचजणींना घेऊन अंजनाच्या झाडाच्या सावलीत येऊन बसल्या. कर्णा वाजला, सैन्यं भिडली, मशाली पेटल्या. हे मला इतकं नीट कसं माहीत, असं विचाराल. मी त्या वर्षी मेलेल्यांत होतो. पहिल्याच धडकेला मरावं, म्हणजे सावली बघून पडता येतं, एवढं मी इतक्या वर्षांत शिकलो होतो.

दुसऱ्यांदा कर्णा वाजला. ही कुशाबाने पळायची खूण होती. कुशाबा पळाला नाही.

दोन्ही सैन्यं थांबली. बापू रानडुकराने तलवार खाली केली आणि हळूच विचारलं, "कुशाबा, पळा की. आम्हाला पाठलाग करायचाय."

"नाही पळत."

"बरं नाही का वाटत?"

"पळत नाही म्हणजे नाही!"

दगडावरून अण्णासाहेब ओरडले, "अरे पळ! इतिहास खोळंबलाय!"

"आणि मी कधी मरायचं?" रायाजी गवा वैतागला. "सेनापती म्हणून किती वेळ उन्हात उभा ठेवाल?"

ते शब्द सावलीपर्यंत पोचले. सुमित्राबाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, सेनापती ते आहेत? मग तुम्ही कोण?"

कुशाबाचे कान खाली पडले. पाचजणी एकमेकींकडे बघू लागल्या. झेंडा मात्र त्याने घट्ट धरून ठेवला. आपण आयुष्यात पहिल्यांदा उभे आहोत, असं त्याला वाटलं. लाज वाटत होती, तसंच बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मशाली खरं तर दोन मिनिटांत विझवायच्या होत्या. पण कुशाबा पळेपर्यंत पुढचं काहीच करता येत नव्हतं, कारण बखरीत आधी तो पळतो आणि मग मशाली विझतात. त्यामुळे ओली कारवी धुमसत राहिली. धूर सरळ कड्यावर गेला. वरून घूंऽऽ असा आवाज आला.

कुशाबाने वर पाहिलं. झेंडा टाकला.

"सुमित्रा! माझ्या मागे!"

मग तो जो पळाला! अकरा वर्षांचा सराव होता तो. दुसऱ्या धोंड्याकडून डावीकडे, करवंदीच्या जाळीखालून वाकून, घसरणीवर बसून, आणि धप्पकन डोहात, नाकापर्यंत. त्याच्या मागे सुमित्राबाई, त्यांच्या मागे पाचजणी, मागून दोन्ही सैन्यं. मेलेले उठले तेही आलेच. डोहात उडी टाकणाऱ्या सैनिकांत माझा नंबर तिसरा होता.

मागे राहिला फक्त रायाजी गवा. आता आपली पाळी आली असं समजून त्याने छाती काढून सेनापतीचं वाक्य म्हटलं होतं, "हिंमत असेल त्याने यावं!"

आग्या माश्या आल्या. पुढचे आठ दिवस रायाजीला त्याची आईसुद्धा ओळखत नव्हती. पळत सुटलेल्या अण्णासाहेबांना काट्यांमुळे फारसं लागलं नाही, फक्त नाक वांग्याएवढं झालं.

डोहात सगळे नाकं वर काढून बसले होते. सुमित्राबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सेनापती नव्हतात."

"नाही."

"अकरा वर्षं काय करत होतात?"

"पळत होतो."

सुमित्राबाई म्हणाल्या, "आणि ते खरे सेनापती, चारशे वर्षांपूर्वीचे, त्यांचं पुढे कोण आहे?"

"कोणीच नाही. तिथेच संपला वंश."

"आणि पळाला त्या भेकराचं?"

कुशाबाने मनात मोजलं. तो स्वतः, त्याचे भाऊ, चुलते, आत्या, नदीपलीकडचे, टेकडीमागचे. "निम्मं जंगल आहे," तो म्हणाला.

"मग इतकी वर्षं लाजत कशाला होतात हो?" असं म्हणून त्यांनी त्याच्या कानात अडकलेली माशी हळूच काढून टाकली. कुशाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. डोहात होता म्हणून कोणाला दिसलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मंडळाची वार्षिक सभा व्हायची होती.

त्या सभेत एकेक सभासद आपापली वंशावळ घेऊन आला. प्रत्येकाचा पूर्वज त्या लढाईतून पळाल्याचं निघालं. बापू रानडुकराचा तर दोनदा पळाला होता. रायाजी गव्याने, चेहऱ्याची सूज अजून उतरायची होती तरी, आपल्या आजोबांचे आजोबा सगळ्यांच्या पुढे होते, असं छातीठोकपणे सांगितलं. अण्णासाहेबांनी नाक सावरत भिंगातून सगळे कागद पाहिले आणि अस्सल ठरवले. मीही माझा कागद दिला. त्यावरची शाई जरा ओली होती, पण अक्षर वाकडं होतं.

पळणाऱ्यांची यादी भरली. उरली फक्त सेनापतीची जागा. सगळे कुशाबाकडे बघू लागले.

"तुलाच उभं राहायचं होतं ना?" अण्णासाहेब म्हणाले.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात कर्णा वाजतो, आणि दोन्ही सैन्यं एकदम पळत सुटतात. खिंडीत कुशाबा एकटा उभा असतो. त्याला मारायलाही कोणी थांबत नाही. डोहावर सगळ्यांचा चहा होईपर्यंत तो झेंडा धरून उन्हात ताटकळतो. सुमित्राबाई मात्र आता लढाईला येत नाहीत. शेजारणींनी विचारलं तर म्हणतात, "आता काय बघायचंय? पूर्वी आमचे हे पळायचे. काय सुरेख पळायचे!"

तात्पर्य : खिंडीत उभं राहणाऱ्याचे पोवाडे गावेत, त्याच्यासारखी बाराबंदी शिवावी, टाकेही त्याच्यासारखेच वाकडे घालावेत. मात्र हे सगळं हौसेने करायला आपण जन्माला आलो, ते कोणीतरी वेळेवर पळालं म्हणून, ही गोष्ट मंडळाच्या सभेत कधीही काढू नये.