वासुदेवाचे डिगरीवाले गंज

माझ्या नवऱ्याच्या तेरवीची शेवटची पंगत उठली, खरकटं निघालं, सोयरे गाडी पकडायला निघाले आणि वासुदेव माझ्यापुढं येऊन उभा राहिला. हात जोडलेले, शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावलेली. मला वाटलं, आता हा धीराचे दोन शब्द बोलेल.

"वयनी," तो म्हणाला, "आमची सेवा कशी वाटली?"

मी म्हटलं, "चांगली होती."

"काही कमी-जास्त?"

"काही नाई."

"मंग पुढच्या वेळीबी आमच्याकडेच याल ना?"

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा त्याला येतच नाही. मी म्हटलं, "वासुदेवा, मले नवरा एकच होता."

"तरीबी," तो म्हणाला, "ग्राहक तुटला नाई पाह्यजे."

वासुदेवाचं बिछायत केंद्र माझ्या घरासमोर आहे. चामोर्शीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात आणि आजूबाजूला लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, स्वयंपाकाचे गंज, कढया, पराती, झारे, सतरंज्या आणि खुर्च्या भाड्यानं त्याच्याकडूनच जातात. सामानासोबत तो स्वतः ट्रॅक्टरवर बसून जातो. पन्नाशी कधीच ओलांडली आहे. लग्न झालं नाही. एकदा जुळत आलं होतं, पण मुलगी पाहायला जायच्या दिवशी त्याचे गंज दुसऱ्याच्या लग्नात होते आणि गंज सोडून तो गेला नाही. घरात एक मांजर आहे. तेही जेवायला माझ्याकडं येतं.

बिछायतवाल्याला गावात कोणी पत्रिका देत नाही. गंज घेऊन तो येणारच असतो, त्याला वेगळी पत्रिका कशाला? सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो आणि मधे कधीतरी आचाऱ्याजवळ उभ्या उभ्या दोन घास खातो. गावाची रीतच तशी आहे.

तर असा हा माणूस. तरुणपणी तो बी.ए. झाला होता, पण ते त्याला कोणी विचारत नव्हतं. एकदा गडचिरोलीच्या बसस्टँडवर त्यानं भिंतीला चिकटवलेला कागद वाचला. कामधंदा सांभाळून एका वर्षात व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका, म्हणजे पी.जी.डी.बी.एम., फक्त रविवारी वर्ग. त्यानं नाव टाकलं. गावातले लोक म्हणाले, पैसे फार झाले असतील. मी म्हटलं, रविवार फार झाले असतील.

त्या दिवसापासून वासुदेवाच्या तोंडी नवीन भाषा आली. मुलीचा बाप गंज सांगायला आला की हा विचारायचा, "तुमचं उद्दिष्ट काय?"

"पोरीचं लग्न हाये."

"ते कार्य झालं. उद्दिष्ट सांगा."

"भाऊ, दोन मोठे गंज अन् एक कढई, हेच उद्दिष्ट."

"नियोजनात गडबड हाये तुमच्या," वासुदेव म्हणायचा आणि त्याला खुर्ची द्यायचा. खुर्च्यांची त्याच्याकडं कमी नाही. सोमवारी सकाळी तो अंगणात खुर्च्यांच्या रांगा मांडून बैठक घेऊ लागला. बैठकीला तो एकटा. पुस्तकात लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावं. सर्वांत तोच होता, म्हणून तोच बसायचा. मी शेंगा सोलत माझ्या ओट्यावर असायची, तर तिथूनच मला विचारायचा, "वयनी, मागच्या बैठकीतले मुद्दे मंजूर?" मी म्हणायची, "मंजूर." त्याशिवाय तो उठत नसे आणि मांजराला त्या खुर्च्यांवरून हाकलता येत नसे.

एक दिवस त्यानं लग्नाच्या जुन्या बॅनरची मागची बाजू भिंतीला लावली आणि तिच्यावर चार चौकोन आखले. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. मी वाचायला गेले. बलस्थानांत लिहिलं होतं, गंज मजबूत. उणिवांत लिहिलं होतं, चमचे परत येत नाहीत. संधीच्या चौकोनात गावातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं होती. पहिलं नाव माझं.

"हे काय होय?"

"वयनी, मनावर घेऊ नोका. बाजाराचा अभ्यास हाये."

"माह्याखाली सरपंचाच्या मायचं नाव हाये. ते माह्याहून मोठी हाये. तिचं नाव वर पाह्यजे."

"तिची तब्येत चांगली हाये," वासुदेव म्हणाला.

धोक्यांच्या चौकोनात लिहिलं होतं, नवीन दवाखाना. त्या दिवशी मी मांजराला दूध दिलं नाही.

उन्हाळ्यात परीक्षा झाली. पेपर फार चांगले गेले असं त्यानं आल्याबरोबर सांगितलं, आणि तेही माझ्या ओट्यावर उभं राहून, म्हणजे रस्त्यावरच्यांना ऐकू जावं. मग धानाच्या रोवणीचे दिवस आले. गावात लग्नं नव्हती, गंज रिकामे होते. वासुदेवानं चामोर्शीच्या बाजारातून हबीबभाईला बोलावलं. हबीबभाई भांड्यांवर नावं कोरतो. मशीन घेऊन तो वासुदेवाच्या पडवीत बसला आणि घर्रर्र करत त्यानं एकेका गंजावर, कढईवर, परातीवर, झाकणावर कोरलं, 'वासुदेव, पी.जी.डी.बी.एम.' चमच्यांच्या दांडीवर एवढी जागा नव्हती. तिथं काय करायचं असं हबीबभाईनं विचारलं, तर वासुदेव म्हणाला, "नाव राहू दे. डिगरी टाक."

मी म्हटलं, "अरे, निकाल तं येऊ दे."

"निकाल औपचारिकता हाये, वयनी. आता हबीबभाई मोकळा हाये. साधनांचा वापर वेळेवर झाला पाह्यजे."

पोळ्याच्या सुमारास निकाल आला. वासुदेव एका विषयात नापास. विषय होता माणसांचं व्यवस्थापन. मला काही नवल वाटलं नाही.

त्यात एक प्रश्न होता म्हणे, काम करणाऱ्याला आपलेपणा कशानं वाटतो? ह्यानं उत्तर लिहिलं होतं, गंज वेळेवर पोहोचवल्यानं.

नापास तर पुष्कळ लोक होतात. घरी येतात, जेवतात, झोपतात. पण ह्याची डिगरी आमच्या भागातल्या सगळ्यात मोठ्या गंजावर कोरलेली होती. त्यानं पुन्हा हबीबभाईला बोलावलं.

"हे खोडून दे."

हबीबभाईनं कढई उन्हात धरून पाहिली. "भाऊ, घासून काढलं तं भोक पडन. पत्रा पातळ हाये."

"मंग काय करू?"

"समोर कंसात नापास टाकून देऊ का?"

वासुदेवानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "चमच्यावर बसन का?"

"चमच्यावर नाई बसत."

"मंग नाई जमत. सगळ्या मालावर एकच मजकूर पाह्यजे."

हबीबभाई मशीन गुंडाळत म्हणाला, "भाऊ, लोक गंजात भाजी पाह्यतेत. अक्षर कोण पाह्यते?"

"मी पाह्यतो ना," वासुदेव म्हणाला. "मी खोटं बोलत नाई. माहे गंज बोलून राह्यले."

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, लोक गंज सांगायला येऊ लागले. वासुदेवानं आधी एक उपाय काढला. निवडणूक लागली की पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्यांवर कागद चिकटवतात, तसे त्यानं प्रत्येक भांड्यावर खळीनं कागद चिकटवले. असे गंज मुलचेऱ्याकडच्या एका लग्नात गेले. खाली जाळ लागला, वर वाफ आली, झाकणांवरचे कागद सुटून आत पडले. वराकडच्या एका म्हाताऱ्याच्या वाटीत कढीबरोबर कागद आला. त्यानं तो तोंडातून काढून, निरखून, ताटाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "हे कोणतं पान होय?"

तिथून आल्यावर वासुदेवानं दाराला फळी लावली. राहिलेला विषय सुटेपर्यंत बिछायत बंद. सुटला नाही, तर गंज मोडीत घालीन आणि धंदा सोडीन, असं त्यानं मला सांगितलं. तो बोलतो ते करतो, हीच त्याची अडचण आहे. लोक येऊन परत जायचे. आणखी कुठून तरी सामान आणायचे. रस्त्यावर जे नवीन लॉन झालं आहे, तिथं बुकिंग करायचे. ऐन हंगामात ट्रॅक्टर अंगणात उभा होता आणि त्याच्या सीटवर मांजर झोपत होतं.

वासुदेव त्या एका विषयाच्या मागं लागला. अभ्यासाला माणसं पाहिजेत म्हणून माझ्याकडं यायचा.

"वयनी, समजा तुमी नाराज कर्मचारी हा."

"मी नाराजच हावो."

"काऊन नाराज हा?"

"तू रोज येऊन डोकं खातेस म्हणून."

"छान. आता मी तुमचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतो." आणि तो खरंच ऐकत बसायचा. मी त्याला माझ्या गुडघ्यांचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, पोरगा फोन करत नाही ते सांगितलं. तो मधेच म्हणायचा, "तुमची भावना मले समजली." पुस्तकात तसं म्हणायला सांगितलं होतं. नंतर नंतर ते म्हणायचं विसरू लागला, नुसता बसायचा. मीही त्याला हाकललं नाही. हिवाळ्याचे दिवस होते, उन्हात बसायला बरं वाटत होतं.

थंडीतच त्यानं पुन्हा परीक्षा दिली. निकाल होळीच्या आसपास आला. तो तोंड पाडून माझ्या फाटकात येऊन उभा राहिला. मला वाटलं, गेले गंज मोडीत.

"सुटला," तो म्हणाला.

"मंग तोंड असं काऊन केलं?"

"काई नाई. तोच प्रश्न आला होता. आपलेपणा कशानं वाटते."

"काय लिहिलं यंदा?"

"बोलावल्यानं," वासुदेव म्हणाला. "एवढंच लिहिलं. वेळ उरला होता, पण पुढं सुचलं नाई."

मी शेंगा सोलत होते, सोलत राहिले. मग म्हटलं, "पास झाला तं गावाले जेवण दे."

"मी?"

"मंग काय मी देऊ? गंज तुह्याकडं, डिगरी तुही."

त्यानं हळूच विचारलं, "वयनी, जेवाले कसं बोलावतेत?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याच्या घरी कधी काही कार्य झालंच नव्हतं. मायबापाच्या तेरव्या त्याच्या काकानं दुसऱ्या गावी केल्या होत्या. लग्न नाही, म्हणून बारसं नाही. त्याचे गंज आमच्या सगळ्यांच्या अंगणात चढले होते, त्याच्या अंगणात कधी स्वयंपाकाची भट्टी खांदली गेली नव्हती. पन्नास लोकांच्या वरणाला कोणता गंज आणि शंभरांच्या भाताला कोणता, हे तो झोपेत सांगेल. पण लोकांच्या दारात जाऊन 'या' म्हणायचं त्याला माहीत नव्हतं.

"दारात जायचं," मी म्हटलं, "अन् म्हणायचं, आमच्याकडं जेवाले या."

"उद्दिष्ट विचारलं तं?"

"कोणी विचारत नाई. ते तूच विचारतेस."

त्यानं पत्रिका छापल्या. पहिली मला आणून दिली, दुसरी बसनं चामोर्शीला जाऊन हबीबभाईला. बाकी गावात घरोघरी फिरला. लोक येतात की नाही याची त्याला इतकी भीती होती की त्यानं भट्टी खांदायला घेतली, अर्ध्यात थांबवली आणि मला येऊन विचारलं, लहान खांदू का? मी म्हटलं, मोठी खांद. एवढ्या लोकांना त्यानं हंगामात परत पाठवलं होतं, ते राग धरून बसतील असं मलाही वाटत होतं. पण वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदीवर राग धरणारं माणूस आमच्या गावात नाही. सगळे आले. सरपंचाची माय काठी टेकत आली, तब्येत खरंच चांगली आहे तिची. हबीबभाई आला आणि आपणच कोरलेल्या गंजांना हात लावून पाहत फिरला.

वासुदेव मात्र सवयीनं आचाऱ्याजवळ जाऊन उभा राहिला. मी गेले, त्याच्या हातातला झारा काढून घेतला आणि त्याला पहिल्या पंगतीत हबीबभाईशेजारी बसवलं. त्याला बसता येत नव्हतं. अर्ध्या भातावर उठून झारे मोजायला निघाला. मी खांद्याला धरून खाली दाबलं. "बस. तुहंच घर होय." तो बसला, आणि खाली मान घालून पत्रावळ पुसून खाल्ली.

शेवटची पंगत उठली, लोक गेले. मी जायला निघाले तर वासुदेव पुढं आला. गळ्याजवळची गुंडी लावलेली.

"वयनी, सेवा कशी वाटली?"

"वरणात मीठ कमी होतं."

"हो. मलेबी वाटलं." मग सवयीनंच म्हणाला, "पुढच्या वेळीबी आमच्याकडे..." आणि थांबला.

लग्न आता होत नाही. बारसं नाहीच. त्याच्या घरी पुढचं कार्य कोणतं राहिलं आहे, हे त्यालाही कळलं आणि मलाही.

"येईन," मी म्हटलं. "पण माहा नंबर आधी हाये. तूच लिहून ठेवला."

"मंग मीच येईन तुमच्याकडं."

"ये. पण गंज उतरवून मागं उभा राहू नोको. पोराले सांगून ठेवतो, तुले पहिल्या पंगतीत बसवजो म्हणून."

तो परातीच्या कडेवरची बुंदी बोटानं काढत राहिला. मग म्हणाला, "वयनी, पत्रिका धाडाले सांगजा. माह्या नावानं."

"सांगतो."

"नावापुढं डिगरी टाकाले सांगजा."

मी म्हटलं, "बरं." पोराला फोनवर सांगितलं आहे. तो म्हणतो, आई, काहीही काय बोलतेस. पण मी त्याच्याकडून अक्षरं दोनदा म्हणून घेतली.