डुगडुगतं स्टूल

"अगं ए, बाहेर ये! आपलं स्टूल पेपरात आलंय!"

गुण्यामिस्त्रींची आरोळी एवढी दणदणीत होती की बायको तर बाहेर आलीच, समोरचा इस्त्रीवालाही हातातली इस्त्री न ठेवता धावत आला. मिस्त्री जातिवंत सुतार. काटकोन तपासायचा गुण्या अष्टौप्रहर खिशात, अगदी स्वतःच्या लग्नातसुद्धा होता, म्हणून हे नाव पडलं. पेपरात बातमी होती की शहरातल्या संग्रहालयात रोजच्या वापरातल्या वस्तू कला म्हणून मांडल्या आहेत. किटली, झाडू, खुंटी आणि मधोमध एक लाकडी स्टूल. फोटोखाली छापलं होतं, 'अज्ञात कारागीर'.

"अज्ञात? अरे, चांगला धडधाकट बसलोय इथे!" मिस्त्री कडाडले. "ही बघ, बैठकीच्या बरोबर मधोमध गाठ. आपल्या स्वयंपाकघरातलंच ते. तू भंगारवाल्याला दिलं होतंस!"

बायकोने फोटो निरखून पाहिला आणि तिचा चेहरा जरासा उतरला. "असेल बाई. पण तिथवर जायचं कशाला? इथूनच बघा की."

पण मिस्त्री ऐकतात होय! तासाभरात गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही बातमी कळली होती. मग त्यांनी साडूंना फोन लावला. साडूंना कळल्याशिवाय कुठल्याही आनंदाला चव नव्हती. साडूंचं तयार फर्निचरचं दुकान होतं. शिवाय चौदा वर्षांपूर्वी त्यांनी मिस्त्रींची बारीक दातांची करवत मागून नेली आणि बोथट करून परत आणली, असा मिस्त्रींचा पक्का आरोप होता. साडू तो साफ नाकारत. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

"येतो ना," साडू म्हणाले. "तुमच्या पाटीवरचं वाक्य खरं की खोटं तेही बघू."

मिस्त्रींच्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, 'आमची वस्तू डुगडुगली तर मिशी उतरवीन.' बाजूला मिशीचं चित्रही होतं. मिशी झुपकेदार होती आणि आजवर तिला धक्का लागला नव्हता.

रविवारी तिघं संग्रहालयात पोचले. मिस्त्रींचा सदरा कडक इस्त्रीचा आणि छाती दोन इंच पुढे. स्टूल पांढऱ्या चौथऱ्यावर, वरून दिवा, भोवती वीस-पंचवीस माणसं. मिस्त्रींना अगदी भरून आलं. तेवढ्यात माहिती सांगणाऱ्या ताईने हातमोजा चढवला आणि स्टुलाच्या कोपऱ्यावर हलकेच बोट टेकवलं.

डुग. डुग.

"वाऽऽ!" गर्दी म्हणाली.

"तीनच पाय टेकवण्याचं हे धाडस बघा!" ताई सांगत होती. "स्थिर राहण्याला या अज्ञात कलावंताने दिलेला हा नकार आहे. हा कोण होता, आम्ही शोधतोय. सापडला तर त्याचं नाव इथे पितळी पाटीवर कायमचं कोरणार!"

मिस्त्रींच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांचं स्टूल आणि डुगडुगतं? साडूंची नजर हळूच त्यांच्या मिशीवर येऊन बसली.

"काय हो मिस्त्री, तुमचंच ना हे?"

"छे छे! माझं कुठलं? गाठ जरा वेगळी वाटतेय."

पण पितळी पाटी काही डोळ्यांपुढून हलेना. चाळीस वर्षं लोकांच्या घरात टेबलं, कपाटं, पलंग केले, कुणी साधं नाव विचारलं नव्हतं. आता नाव हवं तर मिशी जाते आणि मिशी ठेवावी तर नाव जातं. घाम पुसता पुसता त्यांना युक्ती सुचली. स्टूल डुगडुगलंच नाही तर?

ताई गर्दी घेऊन झाडूकडे वळली, साडूही मागोमाग गेले. मिस्त्रींनी दारात मिळालेल्या माहितीपत्रकाची घडीवर घडी घातली, नुसत्या नजरेने जाडी मापली आणि कागदाची पाचर पायाखाली सारली. मग खाकरून मोठ्याने म्हणाले, "ताई, हे स्टूल माझं आहे! खाली माझ्या खुणेची पेन्सिलीची फुली आहे, बघून घ्या!"

ताई आनंदाने अक्षरशः धावत आली. "काका! तुम्ही? अहो, कुठे होता तुम्ही! या ना, सगळ्यांसमोर एकदा तुमची ती डुगडुग..." तिने बोट टेकवलं. स्टूल ढिम्म. दोन्ही हातांनी दाबलं, तरी ढिम्म. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणी हात लावला? कलाकृतीची वाट लावली कुणी तरी!"

शिपाई वाकला आणि त्याने पाचर बाहेर काढली. वीस-पंचवीस जणांच्या हातात माहितीपत्रकं होती, मिस्त्रींच्याच हातात नव्हतं.

"काका, खरा कलावंत स्वतःच्या कलाकृतीखाली कागद घालेल का?" ताईने पाचर त्यांच्यापुढे धरली. "मी साहेबांना बोलावते."

"थांब गं, मुली," बायको पुढे झाली. "स्टूल ह्यांनीच केलंय. डुगडुग मी केलीय."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"आमच्या ओट्यापुढची एक फरशी वर आली होती. नीट करा म्हणून ह्यांच्या सात महिने मागे लागले. हे साऱ्या गावाची दारं बसवत फिरायचे, घरात दिव्याखाली अंधार! शेवटी एका दुपारी स्टुलाचा मागचा पाय फरशीच्या मापाने मीच कापला. माझ्या फरशीवर काय मस्त बसायचं! फक्त कापताना मध्ये एक खिळा लागला आणि करवतीचे दात गेले. बारीक दातांची होती."

"बारीक दातांची?" साडू ओरडले. "चौदा वर्षं, मिस्त्री! चौदा वर्षं मी चोरासारखा तोंड लपवत फिरतोय!"

"चुकलं भावोजी," बायको ओशाळली. "सांगणार सांगणार म्हणता राहूनच गेलं."

मिस्त्रींनी आधी मिशीवर हात फिरवला. शाबूत! त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी साडूंना तिथेच मिठी मारली. ताई मात्र काकूंचे दोन्ही हात धरून उभी होती. साहेब आले, त्यांनी फुली पाहिली, पाय पाहिला, आणि आठ दिवसांत पितळी पाटी लागली. वर मोठ्या अक्षरांत बायकोचं नाव. खाली अगदी बारीक अक्षरांत, 'लाकूडकाम: पती'.

पुढच्याच महिन्यात संग्रहालयाचं पत्र आलं, तेही बायकोच्या नावाने. तिने ते दोनदा वाचलं, पदर खोचला आणि दुकानात जाऊन नव्या करवतीकडे बोट दाखवलं.

"अहो, त्यांना आणखी सहा हवीत. तुम्ही नेहमीसारखी सरळ, चांगली करा. कला मी घालीन."