डॉक्टर सोरेनसन यांचा होमरन

"आज मारणार," असं डॉक्टर एल्मर सोरेनसन यांनी सकाळी कॅफेत जाहीर केलं आणि काट्याला लावलेला अंड्याचा तुकडा असा उंचावला, की चेंडू जणू आत्ताच कुंपणापलीकडे गेला.

काय मारणार, हे कुणीच विचारलं नाही. मिनेसोटातल्या विलो फोर्क गावाला ते तोंडपाठ होतं. डॉक्टर तसे गुरांचे. पण आसपास दुसरा डॉक्टरच नसल्यामुळे गावातली माणसंही गाय दाखवायला म्हणून यायची आणि जाता जाता आपली पाठ दाखवून जायची. माणूस म्हणजे देवमाणूस. दुःख एकच, की उभ्या हयातीत त्यांच्या हातून एकही होमरन झाला नव्हता. एका फटक्यावर, वाटेत कुणी अंगाला चेंडू टेकवून बाद करायच्या आत, मैदानातले तिन्ही बेस म्हणजे थांबे शिवून, जिथून निघालो त्या घरी सुखरूप परतायचं, याला होमरन म्हणतात. फार थोड्यांना जमतं. बेसबॉलमध्येही.

आणि आजचा सामना हा डॉक्टरांचा शेवटचा होता. त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा केव्हाच दिला होता. तो मंजूर व्हायचा तेवढा बाकी होता.

यात आणखी एक अडचण होती. तिचं नाव व्हर्ना. व्हर्नाबाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी आणि सामना खेळणाऱ्या दोन्ही गावांनी एकमताने नेमलेल्या गुणलेखिका. गुणलेखकाचं काम धावा मोजण्याचं नसतं, न्याय करण्याचं असतं. फलंदाज बेसवर पोचला तो त्याच्या फटक्यामुळे, की समोरच्याने सोपा चेंडू सोडला म्हणून? फटका असेल तर पुण्य फलंदाजाचं. नाहीतर पाप क्षेत्ररक्षकाचं. बाद करणाऱ्याच्या नावावर बळी लागायचा, आणि त्याला नुसता चेंडू पुरवणाऱ्याच्या नावावर 'असिस्ट' एवढाच शब्द. डॉक्टर एकदा धापा टाकत दुसऱ्या बेसवर पोचले होते, तर बाईंनी शांतपणे ते समोरच्याचं पाप म्हणून लिहून टाकलं. डॉक्टर दोन दिवस घरी कुत्र्याशीच बोलत होते.

सामना दरवर्षीप्रमाणे शेजारच्या सेंट ओडो गावाशी. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला जेवू घालायचं, असा रिवाज. शेवटचा डाव आला, विलो फोर्क एका धावेने मागे, दोघे बाद, तिसरा बाद झाला की सामना संपला, आणि फळी हातात घेऊन उभे डॉक्टर सोरेनसन! विलो फोर्कच्या बायका ओव्हन तापवायला निघाल्यासुद्धा.

मधल्या मैदानात लांब उभा होता मिलार्ड टोबिन. सेंट ओडोचा दूधवाला शेतकरी, डॉक्टरांचा जुना दोस्त. त्याची डॅगमार नावाची गाय व्यायला टेकली होती आणि डॉक्टर सकाळीच तिला बघून आले होते. मिलार्डने तिथूनच ओरडून सांगितलं, की डॅगमार तुझ्यासाठी थांबली आहे, लवकर बाद हो.

डॉक्टरांनी डोळे मिटून फळी फिरवली. आणि लागला की हो चेंडू!

गेला तो थेट मिलार्डच्या डोक्यावरून. मिलार्ड पाठमोरा धावला, हात वर केला, आणि नेमका गोफर नावाच्या तिथल्या घुशीच्या बिळात पाय घालून, पोत्यातून बटाटे ओतावेत तसा गवतावर ओतला गेला. त्याची किंकाळी ऐकून म्हणे दोन शेतांपलीकडची गुरं चरायची थांबली.

डॉक्टरांना यातलं काही दिसलं नाही. ते खाली मान घालून पळत होते. पहिला बेस शिवला तेवढ्यात सगळं मैदान ओरडू लागलं, "डॉक! डॉक! डॉक!"

डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. विलो फोर्क ओरडतंय ते ठीक. पण सेंट ओडोचे लोकही? त्यांच्या बायका बाकांवर उभ्या राहून रुमाल हलवताहेत? एवढं प्रेम? दुसऱ्या बेसवर त्यांनी टोपी काढून उपस्थितांना अभिवादन केलं. उपस्थितांनी कपाळावर हात मारून घेतले. डॉक्टरांना वाटलं, हा सेंट ओडोकडचा सलाम असावा.

तिसऱ्या बेसवर मात्र जरा विचित्र वाटलं. तिथला क्षेत्ररक्षक त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

"अरे, मी आलोय," डॉक्टर म्हणाले.

"मिलार्ड पडलाय," तो म्हणाला. "पाय गेला बहुतेक. केव्हापासून हाका मारतोय सगळे तुम्हाला."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. मैदानाच्या मध्यावर घोळका. चेंडूचं कुणाला भानच नाही. आणि इकडे घर वीस-पंचवीस पावलांवर, दार सताड उघडं.

लेखी नियम अगदी स्वच्छ होता. कुणी पडो की मरो, पळणारा पुरता थांबेपर्यंत खेळ चालू, पंचानेही मध्ये पडायचं नाही. घरी चालत गेलं असतं तरी होमरन होता. पण बेसबॉलमध्ये जेवढे नियम लिहिलेले आहेत, त्याहून जास्त न लिहिलेले आहेत, आणि ते मोडणाऱ्याला दंड नसतो. नुसतं लोक त्याच्याशी हवापाण्याबद्दल बोलू लागतात. मिनेसोटात याहून मोठी शिक्षा नाही.

डॉक्टरांनी व्हर्नाबाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा सुटीच्या दिवशीच्या बँकेसारखा. नुसती पेन्सिल वर धरलेली.

डॉक्टरांनी घराकडे एकदा पाहून घेतलं. पोरीची पाठवणी करताना बाप पाहतो, तसं. मग बेस सोडला आणि ते लंगडत मिलार्डकडे निघाले.

इथे पंचांनी हात वर करून खेळ थांबवायला हवा होता. पण पंच होते पास्टर इंगवाल्ड, आणि ते घोळक्यात उभं राहून, डोळे मिटून मिलार्डसाठी प्रार्थना करत होते.

डॉक्टर गुडघे मोडून खाली बसले. गाईला चुचकारतात तसं मिलार्डला चुचकारलं. "कुठे दुखतंय?"

"घोट्यात," मिलार्ड कण्हत म्हणाला. "आणि पाठीखाली काहीतरी टोचतंय रे."

"हलू नकोस."

मिलार्डने पाठीखाली हात घातला. हाताला लागलेली वस्तू बाहेर काढून पाहिली. मग डॉक्टरांकडे पाहिलं.

"डॉक, तू आता बेसवर नाहीस ना?"

"नाही. तुझ्यापाशी आहे. का?"

"आणि पास्टरांनी खेळ थांबवलाय?"

"त्यांची प्रार्थना चाललीय."

"अच्छा," असं म्हणून मिलार्डने चेंडू अलगद डॉक्टरांच्या खांद्याला टेकवला आणि पुन्हा कण्हायला लागला.

पास्टरांनी आमेन म्हणून डोळे उघडले, ते नेमके त्या क्षणी. त्यांच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांची प्रवचनं एकामागून एक येऊन गेली. वाटेत पडलेल्याला मदत करावी, यावर त्यांनी स्वतः किती बोलावं! पण नियमांच्या पुस्तकात असला कुणी भला माणूस नव्हता.

"बाद," पास्टर जमिनीकडे बघत म्हणाले.

सामना संपला. सेंट ओडो जिंकलं, आणि सेंट ओडोला तोंड दाखवायला जागा उरली नाही! मिलार्डचेच सोबती त्याला तिथेच सोडून, आज जरा दमट आहे नाही, असं एकमेकांत बोलत निघून गेले. त्याला उठवायला उरले एकटे डॉक्टर.

"मी मुद्दाम नाही केलं रे," मिलार्ड म्हणाला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "हातात चेंडू, समोर बेस सोडलेला माणूस. हात आपोआप गेला."

"माझाही गेला असता," डॉक्टर म्हणाले. "घोटा मुरगळलाय नुसता. गाय असतास तर उद्या चरायला सोडलं असतं."

रात्रीच्या जेवणाला विलो फोर्कच्या लोकांनी रिवाजाप्रमाणे वाढायला घेतलं, तर सेंट ओडोचे लोक शरमेने त्यांच्या हातातले डाव ओढू लागले. नाही नाही, तुम्ही बसा. छे छे, तुम्हीच बसा. या ओढाताणीत हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची खिरापत, गार झाली आणि कुणीच पोटभर जेवलं नाही. व्हर्नाबाईंनी निकाल सांगितला: क्षेत्ररक्षक पडून जखमी झाला, त्यात त्याचं पाप नाही, सबब फटका फलंदाजाचा, मात्र तीन बेसांपुरताच. बळी मिलार्डचा, एकट्याचा, झोपून.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॅगमार अडली. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या, दंडापर्यंत हात घातला आणि घामाघूम होऊन एक दणकट कालवड ओढून काढली. कुबडी टेकून उभ्या असलेल्या मिलार्डने तिथल्या तिथे तिचं नाव ठेवलं: होमरन. क्षमा मागायची सेंट ओडोत याहून मोठी पद्धत नाही.

डॉक्टर तरंगतच घरी आले. व्हर्नाबाई वाटाणे सोलत होत्या.

"व्हर्ना, ऐकलंस? शेवटी केला एकदाचा होमरन. लिही आता माझ्या नावावर."

बाईंनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. वाटाण्याची शेंग खाली ठेवली, नियम मनातल्या मनात तपासला.

"होमरन गाईचा," त्या म्हणाल्या. "तुझा असिस्ट."