सिस्टरना दुखतंय

मिरचीने सकाळपासून कोणाला पांघरुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. कालच अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर सांगून गेले, "आज हिला चालवा." त्यावर ती म्हणाली, "डॉक्टरांनाच चालवा." आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव वॉर्डाने एका दिवसात बदललं ते असं.

सिस्टर मुलांच्या वॉर्डात मुरलेल्या. औषध देऊन झालं होतं. उरलेलं दुखणं गोष्टींनी, खेळांनी उतरवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी बँडेजचा गुंडाळा मिरचीपुढे धरला.

"आज पेशंट मी. माझा हात दुखतोय."

मिरचीने हात गुंडाळला. शेजारच्या खाटेवरची, पाय प्लॅस्टरमध्ये असलेली मुलगी रुसली, म्हणून दुसरा तिला द्यावा लागला. दोन्ही पंजे कोबीच्या गड्ड्यांएवढे झाले आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या टेबलावर सिस्टरांचा फोन वाजला.

लेकीचा फोन. ती दूरच्या शहरात नोकरीला. दर आठवड्याला फोन आणि दर फोनला "पुढच्या महिन्यात नक्की येते." तो पुढचा महिना दीड वर्ष उजाडत नव्हता. तरी रिंग वाजली की सिस्टर हातातलं काम टाकून उठायच्या. त्या धावल्या. गड्ड्यांनी फोन उचलेना. नाकाने दाबून पाहिलं, तो नुसताच पुढे सरकला.

"अगं, कोणीतरी उचला गं. बंद होईल तो." बोलताना त्यांचा आवाज फुटला.

मिरचीने त्यांच्याकडे पाहिलं, पांघरूण बाजूला केलं आणि पोटावर हात धरून, वाकत वाकत, चक्क टेबलापर्यंत चालत आली.

"हॅलो. सिस्टरना फोन धरता येत नाही. दोन्ही हात बँडेजमध्ये आहेत. खूप दुखतंय त्यांना, रडायला आलंय."

आणि फोन तिने सिस्टरांच्या कानाला लावला.

"आई, काय झालं गं? हे बघ, मी आत्ता निघते. मिळेल त्या गाडीने येते."

"अगं, खेळ चाललाय," हे सिस्टरांच्या अगदी ओठांवर होतं. वॉर्डात त्या कधी खोटं बोलत नसत. टोचणार असेल तर टोचणार म्हणूनच सांगत.

"खूप दुखतंय का गं?" लेकीने विचारलं.

हे त्यांना कोणी शेवटचं कधी विचारलं होतं, ते काही केल्या आठवेना.

"हो गं," सिस्टर म्हणाल्या. "ये लवकर."