मल्टिकास्ट तज्ज्ञाच्या घरचा प्रिंटर

जे काम माणूस पोटासाठी करतो ते त्याला स्वतःच्या घरात जमत नाही, हे सर्वमान्य आहे. शिंप्याच्या सदऱ्याला बटण नसतं, न्हाव्याचे केस वाढलेले असतात. (डॉक्टरांबद्दल न बोललेलं बरं.) या नियमाला आपण अपवाद आहोत, अशी आमच्या प्रोग्रामरची चौदा वर्षं समजूत होती. एका शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती संपुष्टात येऊ लागली.

त्याची बायको परिचारिका. मुख्य परिचारिकेच्या जागेचा अर्ज छापून, सही करून पाचच्या आत रुग्णालयाच्या कार्यालयात द्यायचा होता. या जागेवर ती सहा वर्षं डोळा ठेवून होती. प्रिंटर हॉलमध्ये चालू होता, हिरवा दिवाही लागलेला होता. फक्त तिच्या लॅपटॉपला तो दिसत नव्हता.

"अरे, प्रिंटर सापडत नाहीये," ती म्हणाली.

कोणीतरी घरात आपल्याला हे विचारावं म्हणून तो किती वर्षं झुरत होता! त्याने खुर्ची ओढली आणि बायको व सासूबाई अशा दोन लाभार्थींपुढे निवेदन सुरू केलं. निरोप तीन तऱ्हांनी देता येतो. एकेकाच्या दारात जाऊन सांगणं, हा युनिकास्ट. गच्चीवरून बोंब ठोकणं, म्हणजे नको त्याच्याही कानात जातं, हा ब्रॉडकास्ट. आणि ज्यांनी गटात नाव घातलंय तेवढ्यांसाठीच बोलणं, तेही एकदाच, हा मल्टिकास्ट. प्रती काढून ज्याच्या त्याच्याकडे पोचवणं हे राउटरचं काम. तो अधूनमधून विचारतो, "अजून कोणी ऐकतंय का?" कोणीच हूं केलं नाही, की तिकडे पाठवणं मुकाट्याने थांबवतो. प्रिंटरही अशाच एका गटात "मी इथे आहे" म्हणून सांगत असतो.

"मग आपला का सांगत नाहीये, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

प्रश्न निवेदनाच्या कक्षेबाहेरचा असल्याने प्रलंबित ठेवण्यात आला.

पुढच्या दीड तासात राउटर चार वेळा बंद-चालू झाला, प्रिंटर सहा वेळा, आणि बायकोचा संयम एकदा (तो पुन्हा चालू झाला नाही). पावणेचारला दोष सापडला. राउटरच्या सेटिंगमधल्या एका आडबाजूच्या पानावर "अनावश्यक मल्टिकास्ट रोखा" यापुढे बरोबरची खूण होती. घरचं वायफाय वेगवान व्हावं म्हणून गेल्या वर्षी एक लेख वाचून ती त्यानेच केली होती. (लेखही त्यानेच लिहिलेला होता.)

त्याचे कान तापले. त्याने गुपचूप खूण काढून टाकली, आणि लॅपटॉपवर प्रिंटर अवतरला.

"सापडला!" तो ओरडला.

घरात कोणीच नव्हतं.

साडेचारला दोघी परतल्या. अर्ज देऊन झाला होता. सासूबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतला होता.

"फार वेळ गेला का?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"चार मिनिटं. पुढे दोघं होते."

जरा वेळाने तो म्हणाला, "ती सेटिंग मीच बदलली होती."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"घरात दुसरं कोण बदलणार?" असं म्हणून तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. चहात साखर होती, म्हणजे प्रकरण मिटलं होतं.

पुढच्या महिन्यात बायकोला जागा मिळाली. त्यालाही मान मिळाला: ऑफिसने त्याचं "मल्टिकास्ट: सोप्या भाषेत" हे व्याख्यान ठेवलं. त्रेचाळीस जण हजर होते. शेवटी त्याने विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" त्रेचाळीस माना डोलल्या. काय समजलं, हे विचारण्याची तरतूद कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.

वर निरोपाच्या तीन तऱ्हा वाचताना आपणही नेमकी तशीच मान डोलावलीत, याची नोंद घेण्यात आली आहे.