साहेबाच्या नाताळाचे बैल

देव कोणाचाही जन्मो, तुपाचा खर्च रयतेलाच पडतो. १८६४ साली वऱ्हाडात हे तत्त्व सर्वमान्य होते. त्या सुमारास अमेरिकेत भाऊ भावाच्या जिवावर उठला होता, त्यामुळे इकडे कापसाला सोन्याचे मोल आले होते. म्हणून प्रत्येक शहाणा शेतकरी रोज अंघोळ करून, ते भांडण इतक्यात मिटू नये, एवढेच देवाजवळ मागत असे. (दुसऱ्याच्या घरात शांती नांदावी म्हणूनही मागता येते, पण त्यात भाव उतरतो.)

अमरावतीला कापूस विकत घेणाऱ्या एका कंपनीचा साहेब राहत असे. कापसाची प्रत ठरवण्याची त्याची रीत अगदी शास्त्रशुद्ध होती. तो धागा ओढून बघे, कापूस नाकाशी नेई, उन्हात धरी, आणि शेवटी या गावाकडून नाताळात डाली आली होती का, हे खानसाम्याला विचारी. डाली म्हणजे सणाच्या दिवशी बंगल्यावर आपखुशीने न्यायची फळफळावळीची टोपली. तिची सक्ती मुळीच नव्हती. आदल्या साली आसपासच्या नऊ गावांनी डाली नेली, तीन गावांनी नेली नाही. त्या तीन गावांचा कापूस ओला निघाला. पाऊस बाराही गावांत पडलेला नव्हता.

हिवरखेडच्या खुशालराव पाटलांनी या वर्षी नुसती केळी न नेता साहेबाच्या मुलखातली नाताळाची बिस्किटे न्यायचे ठरवले. ठरवणे हे त्यांचे काम. करणे त्यांच्या पत्नीचे, सत्यभामाबाईंचे. दिवस ऐन वेचणीचे, गावातली धडधाकट बाई झाडून सगळी कापसात वाकलेली. पीठ चाळायलासुद्धा हात मिळेना. त्यातून माघात थोरल्या कौशल्याचे लग्न. पण बंगल्यावरच्या खानसाम्याकडून पाटील कृती पाठ करूनच आले होते: मैदा, लोणी, अंडी, साखर. अंडी सत्यभामाबाईंनी उंबऱ्याबाहेरच ठेवली. मैद्याच्या जागी घरची कणीक घेतली, लोण्याच्या जागी तूप, आणि भट्टीच्या जागी वर-खाली निखारे लावलेले जाड बुडाचे पातेले. बाकीची कृती, म्हणजे साखर, त्यांनी तंतोतंत पाळली.

"आकार कोनता देऊ जी?" त्यांनी विचारले.

पाटलांनी डोके खाजवले. "साहेबाचा देव गोठ्यात जलमला म्हन्तात."

"गोठ्यात?" सत्यभामाबाईंना त्या देवाबद्दल एकदम माया वाटली. "मंग थो आपल्यातलाच हाय म्हना की."

आता गोठ्यातल्या देवाच्या सणाला बैल सजवायचे नाहीत, तर काय हत्ती? त्यांनी बैल घडवले. काळ्या तिळाचे डोळे लावले. पालकाच्या रसाने पाक हिरवा करून पाठीवर झुली घातल्या, हळदीने गोंडे काढले, डाळिंबाच्या रसाने शिंगे लाल केली. पोळ्याला खऱ्या बैलांचीही इतकी हौस या घरात झाली नव्हती. शेवटी रीतीप्रमाणे ओवाळले आणि टोपली कापसाच्या गाडीत ठेवली.

बंगल्यावर साहेबाने टोपलीतला सर्वात देखणा बैल उचलला, त्याचे मुंडके शिंगांसकट कडकन तोडले आणि चघळत "बहुत अच्छा" म्हणाला. पाटलांचा कापूस गाडीची ताडपत्री न सोडताच पहिल्या प्रतीचा ठरला. मागेच गावचे मुख्य पंच नत्थुजी केळ्यांची टोपली घेऊन उभे होते. त्यांचा कापूस दुसऱ्या प्रतीचा ठरला, आणि त्याच क्षणी त्यांना धर्म आठवला.

पंचायत पाटलांच्याच ओसरीवर बसली, कारण उरलेले बैल त्याच घरात होते. आरोप साधा होता: या घराने ओवाळलेला बैल परक्याच्या मुखात घातला. शिक्षा त्याहून साधी: वाळीत. बार्शीटाकळीच्या व्याह्यांचा निरोप तर आधीच येऊन थडकला होता, की पंचांचा निकाल लागेपर्यंत कुंकू लावायचे नाही. कौशल्या आदल्या दिवसापासून जेवली नव्हती.

सत्यभामाबाई दाराआड बसल्या. पुरावा सादळू नये म्हणून त्यांनी उरलेल्या बैलांची परात निखाऱ्यांवर ठेवली होती.

"शिंगं व्हती का नाई?" नत्थुजींनी विचारले.

"व्हती, मामाजी."

"शेपूट?"

"व्हतं."

"अन् झूल?"

"हिरवी. पालकाची."

"मंग बैलच झाला थो."

"पन मामाजी, म्या त कनीकच तिंबली."

यावर पंचांनी खोल विचार केला. विचार करताना श्वास घ्यावा लागतो, आणि श्वासाबरोबर तापलेले तूप आत येत होते. विचार लांबत गेला. शेवटी पुंजाराम पंच परातीच्या दिशेने बघत म्हणाले, "नत्थुजी, शिंगं काढली त बैल कायचा राह्यते?"

इतका मूलगामी प्रश्न त्या ओसरीवर पूर्वी कोणी विचारला नव्हता. शिंगे काढून बघावे असे ठरले, आणि ते काम अर्थातच सत्यभामाबाईंकडे आले. सगळ्या बैलांत शिंगेच त्यांना नीट साधली होती. त्यांना फार वाईट वाटले. पण आत पोर उपाशी होती. एकेक बैल हातात घेऊन त्यांनी शिंगे मोडली आणि वेगळ्या ताटलीत ठेवली.

निकाल असा लागला: शिंगे नसलेला पदार्थ बैल या सदरात येत नाही, सबब तो खाण्यास हरकत नाही. परात संपल्यावर नत्थुजींनी पुरवणी निकाल दिला, की सुटी शिंगेही बैल या सदरात येत नाहीत, कारण नुसत्या शिंगांचा बैल कोणी पाहिलेला नाही. ताटलीही संपली. साहेबाने शिंगांसकट खाल्ला होता खरा. परंतु तो जातीत नसल्यामुळे त्याला जातीबाहेर टाकण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. पाटलांचे घर शुद्ध ठरले. कौशल्याच्या वाट्याला काही उरले नाही, म्हणून ती भाकरी जेवली.

चार दिवसांनी व्याही हसतमुखाने आले. "हुंडा आमाले नको," ते ओसरीवर बसून म्हणाले. "आमच्यात घेतच नाईत. तुमी आपलं पोरीच्या हौसेनं एक बैलजोडी, पाच तोळे, काय द्यायचं थे द्या."

सत्यभामाबाई दाराआडून ऐकत होत्या. शिंगे मोडून दिली की माणसे काय काय खाऊ शकतात, हे त्यांना नुकतेच कळले होते. त्यांनी दुधाऐवजी गूळपाणी बाहेर पाठवले. लग्न माघातच झाले आणि चांगले झाले.

वाचकांनी या अडाणी मंडळींना खुशाल हसावे. फक्त आपल्या मुलाच्या लग्नाच्या बैठकीत "आम्हाला काहीच नको" असे म्हणायची वेळ येईल, तेव्हा आधी मिश्या पुसून घ्याव्यात. शिंगांचा चुरा दिसतो.